टोला दूर कशाने जातो?

स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी माजी आणि आजी विद्यार्थ्यांचा बेसबॉलचा सामना आमच्या क्रीडांगणावर होतो, हे या स्मरणिकेच्या बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. त्या सामन्यात एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या बॅटीवर चेंडू नेमका बसला आणि कुंपणापलीकडच्या तुरीच्या शेतात जाऊन पडला, की टाळ्यांचा कडकडाट होतो. सामना संपल्यावर आम्हाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. माजी विद्यार्थी म्हणतात, "सर, आताच्या पोरांना असा टोला का मारता येत नाही?" आणि एखादे पालक जरा बाजूला घेऊन विचारतात, "सर, आमचं लेकरू हडकुळं आहे म्हणून त्याला संघात घेत नाही का?" या दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे आणि त्याचे उत्तर उभ्याउभ्या देता येण्यासारखे नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. बेसबॉल आणि सॉफ्टबॉल यांत आपल्याकडे नेहमी गल्लत होते. सॉफ्टबॉलचा चेंडू मोठा असतो आणि तो खालून, कमरेजवळून फेकला जातो. बेसबॉलचा चेंडू लहान, वजनाने १४२ ते १४९ ग्रॅम आणि हात खांद्यावरून आणून फेकलेला. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा, म्हणजे पिचर, फलंदाजापासून १८.४४ मीटरवर उभा असतो. चार बेस चौकोनात मांडलेले असतात आणि दोन बेसमधील अंतर २७.४३ मीटर असते. चेंडू वैध हद्दीतून थेट कुंपणापार गेला, की होम रन. भारतात या खेळाचा राष्ट्रीय महासंघ १९८३ मध्ये स्थापन झाला. शालेय स्पर्धांमध्येही बेसबॉलचा समावेश आहे, त्यामुळे आमच्या मुलांना नांदेडपर्यंत आणि जिंकलो तर पुढे लातूर विभागापर्यंत जाण्याची वाट मोकळी असते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेटबरोबर बेसबॉलही परतत आहे. इतके पुरे, आता मूळ प्रश्नाकडे वळू.

टोल्याचे अंतर मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. चेंडू बॅटीवरून किती वेगाने सुटला, ही पहिली. जमिनीशी कोणता कोन करून सुटला, ही दुसरी. पंचवीस ते तीस अंशांच्या कोनात सुटलेला चेंडू सर्वांत दूर जातो. त्याहून उंच गेला तर आभाळात चढून झेल होतो, त्याहून खाली राहिला तर जमिनीवरून घरंगळत जातो. वेगाचा हिशेब अधिक उद्बोधक आहे. इलिनॉय विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ ॲलन नेथन यांनी या विषयाचा दीर्घ अभ्यास केला आहे. लाकडी बॅटीच्या नेमक्या जागी चेंडू बसला, तर येणाऱ्या चेंडूच्या वेगाचा साधारण पाचवा हिस्सा आणि बॅटीच्या वेगाची १.२ पट यांची बेरीज म्हणजे सुटणाऱ्या चेंडूचा वेग. समजा, चेंडू ताशी ८० किलोमीटरने आला आणि बॅटही ताशी ८० किलोमीटरने फिरली, तर चेंडू ताशी ११२ किलोमीटरने सुटेल. आता पिचरने वेग दहाने वाढवला तर यात फक्त दोनाची भर पडते. बॅट दहाने जास्त वेगाने फिरली तर मात्र बाराची भर पडते. म्हणजे एकाच वेगवाढीची किंमत बॅटीच्या बाजूला सहापट आहे. समोरच्या चेंडूच्या वेगावर फार विसंबता येत नाही. बॅट किती वेगाने फिरते, यावरच बहुतेक सारे अवलंबून असते.

येथे दंडाच्या जोराचा गैरसमज दूर करायला हवा. बॅट आणि चेंडू यांची गाठ सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागापुरतीच पडते. त्या क्षणी मूठ कितीही आवळली, दात-ओठ खाल्ले, तरी चेंडूला ते कळतसुद्धा नाही. जे व्हायचे ते बॅट तेथे पोचण्यापूर्वी ठरलेले असते. मग तो वेग येतो कोठून? आमच्या मुलांना हे समजावण्यासाठी आम्हाला पुस्तक उघडावे लागत नाही. बैलगाडी हाकणाऱ्याच्या हातातील आसूड त्यांनी पाहिलेला असतो. गडी हात पुढे झोकतो आणि एकदम थांबवतो. थांबलेल्या हाताचा वेग वादीत उतरतो, वादी टोकाकडे निमुळती होत जाते तसा वाढत जातो आणि टोक कडाडते. तो कडाका म्हणजे वादीचे टोक ध्वनीच्या वेगापुढे गेल्याचा आवाज असतो. फलंदाजाच्या अंगातही हेच घडते. पुढचा पाय रोवला जातो, त्यावर कंबर वळते, कंबर थांबू लागली की छाती वळते, मग खांदे, मग हात आणि सर्वांत शेवटी बॅट. प्रत्येक भाग आपला वेग पुढच्याला देऊन स्वतः मंदावतो. या क्रमाला खीळ बसली, सगळे अंग एकदमच दारासारखे फिरले, की पैलवानाचा टोलाही पिचरच्या पायाशी पडतो. क्रम जमला की चाळीस किलोच्या पोराचा चेंडू त्याच्या डोक्यावरून जातो.

क्रिकेट खेळून आलेल्या मुलांना हा क्रम शिकवणे थोडे अवघड जाते. त्यात त्यांचा दोष नाही. क्रिकेटमध्ये यष्टी राखायची असते, म्हणून बॅट उभी आणि कोपर पुढे. येथे राखायला यष्टी नाही; हाती गोल बॅट आणि चुकण्याच्या तीन संधी. याउलट विटी-दांडू खेळलेले मूल लवकर शिकते. विटी कोलून हवेत उडवायची आणि ती खाली येण्याआधी आडव्या दांडूने टोला द्यायचा, यात डोळा, कंबर आणि मनगट यांची जी सांगड लागते, ती बेसबॉलच्या फार जवळची आहे. गावोगावचा विटी-दांडू मागे पडला, याची आम्हाला क्रीडाशिक्षक म्हणून खंत वाटते.

तथापि नुसता वेग पुरत नाही. वरच्या दर्जाच्या सामन्यात पिचरच्या हातून सुटलेला वेगवान चेंडू सुमारे ०.४ सेकंदात फलंदाजापाशी पोचतो. त्यातील बराचसा काळ बॅट फिरवण्यातच जातो. उरलेल्या निमिषात चेंडू ओळखायचा, मारावा की सोडावा हे ठरवायचे. ही ओळख फक्त चेंडू पाहून पाहूनच येते, हजारो चेंडू. याचे एक उदाहरण आपल्या देशातच घडले आहे. २००८ मध्ये अमेरिकेतील एका क्रीडा-व्यवस्थापकाने भारतात वेगवान चेंडू फेकणाऱ्या तरुणांचा शोध घेण्यासाठी एक दूरचित्रवाणी स्पर्धा घेतली. उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू तीतून निवडले गेले. त्यापूर्वी त्यांनी बेसबॉल हाती धरलेला नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या व्यावसायिक संघाने दोघांशीही करार केला. गोरगरीब घरांतील मुलांची ही झेप कौतुकाचीच आहे. परंतु त्या स्पर्धेत शोध फेकणाऱ्यांचा होता, मारणाऱ्यांचा नव्हता, आणि ते योग्यच होते असे आम्हाला वाटते. भाल्यासाठी तयार झालेला खांदा काही महिन्यांत चेंडूकडे वळवता येतो. चेंडू ओळखणारा डोळा काही महिन्यांत घडत नाही. तो दहा-बारा वर्षांच्या वयापासून रोज थोडा थोडा घडतो. निवासी शाळा हीच त्याची खरी जागा, कारण येथे मूल पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत आमच्या डोळ्यांसमोर असते.

आता पालकांच्या प्रश्नाकडे येतो. या बाबतीत आमच्या हातून चूक झालेली आहे आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एकाच वर्गात दोन मुले होती. एकाला तेराव्या वर्षीच मिसरूड फुटलेले, खांदे भरलेले. दुसरा किडकिडीत, बॅट उचलताना मागे झुकणारा. पहिल्याचा टोला आठवीतच कुंपणाला लागत असे. साहजिकच आम्ही त्याला चौथ्या क्रमांकावर खेळवले, त्याच्यावर मेहनत घेतली, त्याच्या जोरावर जिल्ह्यात दोन सामने जिंकलो. दुसरा तुरीच्या शेतातून चेंडू आणून देत असे. दोन हंगाम त्याने चेंडू आणून दिले. पुढे दहावीपर्यंत बाकीची मुले वाढली, पहिल्याच्या बरोबरीला आली. त्याचा टोला कुंपणाशीच राहिला, कारण अंगच्या जोरावर सारे निभावल्यामुळे त्याने अंगाचा क्रम कधी शिकलाच नव्हता आणि आम्हीही शिकवला नव्हता. तो खचला आणि त्याने खेळ सोडला. दुसरा दहावीनंतर शाळा सोडून गेला, तेव्हा तो संघात कधीच आलेला नव्हता. नंतर सरावाची जुनी वही चाळताना आमच्या लक्षात आले की, पहिल्याच्या नावापुढे रोजचे चाळीस चेंडू लिहिलेले होते आणि दुसऱ्याच्या नावापुढे कधी पाच, कधी रेघ. गेल्या स्नेहसंमेलनात ज्याचा चेंडू तुरीत पडला आणि ज्याच्यासाठी सर्वांत जास्त टाळ्या झाल्या, तो हाच दुसरा. आज तो उंचीने आमच्याहून हातभर जास्त आहे.

यामागील शास्त्र साधे आहे. मुलींची उंची साधारणपणे बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत झपाट्याने वाढते. हे सरासरीचे आकडे झाले. प्रत्यक्षात एकाच वयाच्या दोन मुलांच्या शरीरांत दोन-तीन वर्षांचे अंतर सहज असू शकते. चौदा वर्षांखालील वयोगटात ज्याचे शरीर लवकर भरले तो 'गुणी' ठरतो आणि ज्याचे उशिरा भरणार तो 'हडकुळा'. शिवाय आपल्याकडे कागदावरच्या वयाची कथा निराळीच. मुखेड, कंधार, देगलूर, जळकोट या पट्ट्यातील जुन्या दाखल्यांवर १ जून ही जन्मतारीख किती जणांची आहे, हे वाचकांना सांगायला नको. पूर्वी गुरुजी मुलाला हात डोक्यावरून नेऊन पलीकडचा कान धरायला लावीत. कान हाताला लागला की नाव दाखल आणि तारीख १ जून! आता जन्मनोंदीमुळे हे बरेच कमी झाले आहे. तरीही वय कागदावर मोजणे आणि शरीराचे वय ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे यातून ध्यानात यावे.

म्हणून आता आम्ही दर तीन महिन्यांनी भोजनगृहाच्या भिंतीवर प्रत्येकाच्या उंचीची रेघ मारतो. रेघ झपाट्याने वर सरकू लागली, की त्या मुलाचा सराव कमी करतो. त्या काळात हातपाय लांबतात, कालचा तोल आज राहत नाही, चेंडू चुकू लागतात. पालकांना वाटते मूल आळशी झाले. ते आळशी झालेले नसते, त्याला नवे शरीर वापरायला शिकायचे असते. हाडांच्या टोकांशी असलेला वाढीचा भाग या वयात कोवळा असतो. एकाच बाजूला वेगाने वळण्याचा ताण पाठीच्या मणक्यावर पडतो, म्हणून उजव्या हाताने खेळणाऱ्यालाही रोज काही टोले डाव्या बाजूने मारायला लावतो. फेकणाऱ्या कोपराची तर विशेष काळजी हवी. अमेरिकेतील लिटल लीग या बालबेसबॉल संघटनेने २००७ पासून एका दिवसात किती चेंडू फेकावेत यावर वयानुसार मर्यादा घातली. अकरा-बारा वर्षांच्या मुलासाठी ती ८५ आहे. सामना हातून निसटत असला तरी आम्ही ही मर्यादा ओलांडू देत नाही. त्यामुळे एक सामना गमावला आहे, आणि त्याबद्दल काही पालकांची बोलणीही खाल्ली आहेत.

शरीर थोराड असल्याशिवाय दूरचा टोला येत नाही, असे अजूनही कोणाला वाटत असेल तर दोन माणसांची आठवण करून द्यावी लागेल. पहिला जपानचा सदाहारू ओ. उंची सुमारे पावणेसहा फूट. १९५९ मध्ये तो योमिउरी जायंट्स संघात आला आणि पहिल्या वर्षी त्याचे फक्त सात होम रन झाले. तीन वर्षे अशीच चाचपडत गेली. १९६२ मध्ये फलंदाजीचे प्रशिक्षक हिरोशी अराकावा यांनी त्याला पुढचा पाय उचलून, बगळ्यासारखे एका पायावर उभे राहून चेंडूची वाट पाहायला शिकवले. छताला टांगलेली कागदाची पट्टी तलवारीने कापण्याचा सराव करून घेतला. कागद हलका, जोर लावला तर तो नुसता हलतो, पाते वेगाने आणि सरळ रेषेत गेले तरच कापला जातो. त्या वर्षी ओ याने ३८ होम रन केले आणि १९८० मध्ये निवृत्त होईपर्यंत एकूण ८६८. दुसरा अमेरिकेचा हँक आरॉन. अलाबामा राज्यातील मोबाइल गावी १९३४ साली गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात जन्मलेल्या या मुलाने काठीने बाटल्यांची बुचे मारून डोळा तयार केला. कोणी शिकवणारे नसल्यामुळे कित्येक वर्षे तो बॅट उलट्या हातांनी धरत असे. एका हंगामात पन्नास होम रन त्याने कधीच केले नाहीत; सर्वाधिक ४७. परंतु सलग वीस हंगाम तो किमान वीस होम रन करीत राहिला आणि ८ एप्रिल १९७४ रोजी त्याने बेब रूथचा ७१४ चा विक्रम मोडला. एका कृष्णवर्णीयाने हा विक्रम मोडू नये म्हणून त्याला धमक्यांची पत्रे येत होती, हेही आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावे.

आणि तो बेब रूथ? त्याच्या थोराड शरीराची चर्चा सारे करतात, तो निवासी शाळेचा विद्यार्थी होता हे कमी जणांना माहीत असते. १९०२ मध्ये सातव्या वर्षी त्याला बाल्टिमोरच्या सेंट मेरीज या मुलांच्या औद्योगिक शाळेत ठेवण्यात आले. तेथे तो सदरे शिवायला शिकला आणि ब्रदर मथायस नावाच्या शिक्षकांनी त्याला चेंडू मारायला शिकवले. तो डावखुरा, तरी उजव्यांचा हातमोजा घालून कॅचर म्हणून उभा राहत असे. जी जागा रिकामी असेल तेथे खेळत असे. १९१४ मध्ये तो शाळेतून बाहेर पडला तो पिचर म्हणून. पुढे तो होम रनचा सम्राट होईल, हे तेव्हा कोणी ओळखले नव्हते. लहानपणीच एका जागेला जखडून ठेवले नाही, हे त्याच्या शाळेचे मोठेच उपकार म्हटले पाहिजेत.

आमच्या क्रीडांगणावर आता काय चालते, तेही सांगतो. पाचवी-सहावीच्या मुलांना आम्ही क्रमांक देत नाही, जागा देत नाही. ती धावतात, झाडावर चढतात, झेलतात, विटी-दांडू खेळतात. बॅट हलकीच द्यायची, हा नियम. मोठ्या भावाची जड बॅट धाकट्याच्या हाती दिली, की कंबरेऐवजी खांदे ओढू लागतात आणि ती खोड पुढे वर्षानुवर्षे जात नाही. चेंडू स्थिर ठेवून मारण्यासाठी वेळूच्या खुंटावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बसवला आहे. वर सांगितलेला हिशेब येथे उपयोगी पडतो: समोरून चेंडू न येताही बॅटीच्या वेगाची १.२ पट मिळतेच, म्हणून या खुंटावरही मुलाला आपला टोला वाढताना दिसतो. 'नुसती बॅट लाव, जोर नको' असे आम्ही पूर्वी ओरडत असू. या मुद्द्यावर प्रशिक्षकांत मतभेद आहेत. आमचे मत आता असे झाले आहे की, लहान वयात मुलाला पूर्ण वेगाने बॅट फिरवू द्यावी, चुकू द्यावे. नेम पुढे सुधारतो. दबकत फिरवण्याची सवय मात्र सहसा सुटत नाही. या धोरणामुळे धाकट्या संघाचे फलंदाज पुष्कळदा तीन चुकांत बाद होतात आणि पाहणाऱ्यांना ते आवडत नाही.

मुलींविषयी एक तक्रार आमची आमच्याकडेच आहे. मुलींची वाढ मुलांच्या आधी होते, म्हणजे त्यांना दूरचा टोला शिकवण्याची वेळही आधी येते. आणि नेमक्या त्याच वयात घरून निरोप येऊ लागतो की आता मैदान पुरे. गेल्या वर्षीपासून सातवीच्या मुलींचा सराव सकाळच्या पहिल्या तासाला घेतो. त्यांच्यातील दोघींचा चेंडू मुलांपेक्षा दूर जातो. ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांना हे कळवावे, तर ते दिवाळीनंतर कोठल्या फडावर असतील याचा पत्ता नसतो. म्हणून तसा निरोप आम्ही येथेच छापून ठेवीत आहोत.

आहाराबद्दल पालकांना वाटते की खेळाडूसाठी डब्यातली महागडी पावडर लागते. ती पाठवू नये. ज्वारीची भाकरी, वरण, शेंगदाणे, हरभरे, उकडलेले अंडे आणि रात्रीची पुरेशी झोप, एवढ्यावर शरीर वाढते. फक्त ते रोज मिळाले पाहिजे, आणि सुट्टीत घरी गेल्यावरही मिळाले पाहिजे.

शेवटी माजी विद्यार्थ्यांना एक व्यावहारिक विनंती. दरवर्षी आपण प्रेमाने चषक देता. कार्यालयातील कपाट आता भरले आहे. आमच्या मुरमाड मैदानावर चामड्याचा चेंडू चार-पाच दिवसांत उसवतो आणि नवा नांदेडहून मागवावा लागतो. वहीत आता प्रत्येक मुलाच्या आणि मुलीच्या नावापुढे रोजचे वीस चेंडू लिहायचे ठरवले आहे, किडकिडीतांच्या नावापुढेसुद्धा. सध्या ते बारावर अडते. पुढच्या वर्षी सामन्याला येताना चषकाऐवजी चेंडू आणावेत. जमल्यास फलंदाजांसाठी लहान मापाची दोन-तीन हेल्मेटे. आणि तुरीतून चेंडू शोधून आणण्याचे काम त्या दिवशी माजी विद्यार्थ्यांकडे राहील.